लेगोच्या नव्या सेटची अफवा ऐकली? पैसे काढण्याआधी ती अशी तपासा

लेगो म्हणजे जोडायच्या प्लास्टिक विटा; त्यांचा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांवरचा नवा मोठा सेट येतोय म्हणे, मग आत्ता दुकानात असलेला घेऊ की थांबू? हॅरी पॉटरच्या शाळेचा, हॉगवर्ट्सचा किल्ला पुन्हा निघणार आहे, तर माझ्याकडचा जुना विकून टाकू का? हे प्रश्न वारंवार येतात, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने उत्तराआधीच काहीतरी करून टाकलेलं असतं. जुना सेट पडेल भावात गेलेला असतो, नाहीतर कुणाला तरी आगाऊ पैसे पाठवलेले असतात. चूक अफवेवर विश्वास ठेवण्यात कमी आणि क्रमात जास्त असते. आधी निर्णय होतो आणि तपासणी मागाहून. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या, मधला एकही गाळू नका.

टप्पा १: अफवा येण्याआधीची तयारी

एक वही घ्या किंवा मोबाइलमध्ये एक तक्ता बनवा. रकाने सात: सेट नंबर, विषय, तुकड्यांची संख्या, किंमत आणि तिचं चलन, तारीख, ही माहिती पहिल्यांदा कुठे दिसली, आणि तुम्ही ती कधी वाचली. शेवटचा रकाना लोक सोडून देतात. पण दोन महिन्यांनी तीच अफवा नवी म्हणून फिरायला लागली, की हाच रकाना उपयोगी पडतो.

त्याच पानावर तीन गोष्टी आधीच लिहून ठेवा. वर्षभरात या छंदावर किती खर्च करणार, घरात जागा किती आहे, आणि कोणत्या प्रकारचे सेट तुम्हाला खरोखर हवे आहेत. जागेचं मोजमाप टेप लावूनच घ्या. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या ठिकाणांचे दोन सेट पाहा: २०२३ सालचा रिव्हेंडेल (नंबर १०३१६) मांडल्यावर सुमारे ७५ सेंटिमीटर रुंद होतो, तर २०२४ सालचा बराद-दूर (१०३३३) ८३ सेंटिमीटर उंच आहे. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या भिंतीतल्या कपाटांत दोन फळ्यांमधलं अंतर एवढं क्वचितच असतं. ‘नवा सेट याहून मोठा असेल’ असं ऐकून हुरळून जाण्याआधी तो कुठे ठेवणार हे ठरलेलं असावं.

तपासा: बजेटचा आकडा रुपयांत लिहिला आहे ना? अफवा कायम डॉलर किंवा युरोत येते, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

टप्पा २: अफवेचे भाग सुटे करा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, म्हणून इथे घाई करू नका.

अफवा एका वाक्यात येते: ‘अमुक नंबरचा, इतक्या तुकड्यांचा, इतक्या डॉलरचा, जूनमध्ये.’ वाचताना ती एकच बातमी वाटते, पण त्यात चार-पाच वेगवेगळे दावे असतात आणि प्रत्येकाचा खरेपणा वेगळा असू शकतो. नंबर आणि किंमत अनेकदा दुकानदारांच्या आगाऊ याद्यांतून बाहेर येते. अशा यादीत सेटचं खरं नावच नसतं, एखादं तात्पुरतं नाव किंवा नुसता नंबर असतो. मग कुणीतरी त्या नंबराला आपल्या मनातला विषय चिकटवतो. नंबर खरा, किंमत खरी आणि विषय मात्र निव्वळ अंदाज, असं मिश्रण तयार होतं. पुढे सांगणारे ‘बहुधा’ गाळतात आणि अंदाजाची बातमी होते.

म्हणून प्रत्येक दावा वेगळ्या रकान्यात लिहा आणि प्रत्येकाला वेगळी श्रेणी द्या:

अ – कंपनीने स्वतः जाहीर केलेलं.
ब – एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन स्रोतांनी दिलेलं.
क – एकाच स्रोताचं, पण ज्याचं आधीचं बरंच खरं ठरलेलं आहे.
ड – मूळ सापडत नाही.

एकाच अफवेत नंबर ‘ब’, तारीख ‘क’ आणि विषय ‘ड’ असू शकतो. पैशाचा निर्णय मात्र सगळ्यात कच्च्या रकान्यावरून करायचा. विषयच ‘ड’ असेल, तर बाकीचं कितीही पक्कं असलं तरी तुम्हाला हवा तो सेट येतोय असं म्हणता येत नाही.

विषयाच्या रकान्यात आणखी एक प्रश्न विचारा: कोणत्या प्रकारचा? हॉगवर्ट्सचंच घ्या. २०१८ या एकाच वर्षात लेगोने दोन हॉगवर्ट्स काढले. एक ग्रेट हॉल (७५९५४), ८७८ तुकड्यांचा, नेहमीच्या मिनिफिगर (लेगोच्या छोट्या बाहुल्या) आत उभ्या राहतील अशा मापाचा. दुसरा ६,०२० तुकड्यांचा अख्खा किल्ला (७१०४३), छोट्या मापातला, ज्यात नखाएवढ्या बाहुल्या आहेत. मग २०२३ मध्ये २,६६० तुकड्यांचा किल्ला आणि परिसर (७६४१९) आला, तो त्याहूनही लहान मापाचा. तिन्ही किल्ले, तिन्ही हॉगवर्ट्स, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ‘नवा हॉगवर्ट्स येतोय’ एवढ्यावर ७१०४३ विकून टाकणाऱ्याने माप विचारलेलंच नसतं.

सावधान: चित्रपट येणार म्हणजे सेट येणारच, हा तर्क पुरावा म्हणून लिहू नका. चित्रपटांच्या तारखाच हलतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चाच नवा चित्रपट ‘द हंट फॉर गॉलम’ आधी २०२६ साठी जाहीर झाला होता, नंतर तो डिसेंबर २०२७ वर गेला. आणि रिव्हेंडेल, बराद-दूर, द शायर हे तिन्ही मोठे सेट तर वीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटांवरचे आहेत. त्यांना नव्या चित्रपटाचं निमित्त लागलं नाही.

टप्पा ३: मूळ शोधा

दहा ठिकाणी दिसलं म्हणजे दहा स्रोत झाले असं नाही. प्रत्येक ठिकाणी ‘ही माहिती कुठून’ ते पाहा आणि त्या दिशेने एक-एक पाऊल मागे जा. बहुतेक वेळा सगळ्या वाटा एकाच इन्स्टाग्राम खात्यावर किंवा एकाच जर्मन संकेतस्थळावर येऊन थांबतात. तसं झालं तर तो एकच स्रोत, आणि श्रेणी ‘क’च्या वर जाणार नाही.

मूळ सापडलं की तीन गोष्टी बघा. पहिली, मूळ मजकुरात शक्यतेची भाषा होती का, आणि पुढे ती गळली का. दुसरी, तारीख. १ एप्रिलच्या आसपासचं काहीही सरळ बाजूला ठेवा. दरवर्षी त्या दिवशी बनवलेले खोटे सेट मे महिन्यात खरे म्हणून फिरतात. तिसरी, त्या खात्याने वर्षभरापूर्वी काय सांगितलं होतं आणि त्यातलं काय खरं ठरलं. जुन्या पोस्ट पुसून टाकणाऱ्या खात्याला मी ‘ड’च देते, कारण त्याचा हिशोबच करता येत नाही.

सावधान: ‘कंपनीने फोटो काढून टाकायला लावला, म्हणजे खरंच आहे’ हे फार ऐकू येतं. लेगो गोपनीय फोटो हटवायला लावते हे खरं आहे. पण बनावट फोटो टाकणारेही गवगवा झाल्यावर स्वतःच पोस्ट उडवतात. गायब होणं हा कशाचाच पुरावा नाही.

टप्पा ४: नंबर, तुकडे आणि किंमत यांचा मेळ

सेट नंबर बऱ्याचदा तो सेट कोणत्या मालिकेत बसतो ते सांगतो. प्रौढांसाठीच्या आयकॉन्स मालिकेत रिव्हेंडेल १०३१६, बराद-दूर १०३३३, द शायर १०३५४ आणि बालरॉगचा पुस्तकांच्या मधे ठेवायचा देखावा १०३६७. हॅरी पॉटरचे अलीकडचे सेट ७६ हजारांत: ग्रिंगॉट्स बँक ७६४१७, बरो ७६४३७. ४० हजारांत मुख्यतः खरेदीसोबत मिळणाऱ्या भेटी आणि ब्रिकहेड्झसारख्या छोट्या वस्तू असतात. बराद-दूरसोबत सुरुवातीला भेट मिळालेल्या फेल बीस्ट या छोट्या सेटचा नंबर ४०६९३ होता. म्हणून ४० हजारांतला नंबर आणि पाच हजार तुकडे असं कुणी सांगितलं, तर दोन्हीपैकी एक नक्की चुकलंय.

नंबरावरून तारीख मात्र काढू नका. नंबर मोठा म्हणजे सेट नंतर येणार, असा सरळ नियम नाही.

मग किंमतीला तुकड्यांनी भागा. रिव्हेंडेल ६,१६७ तुकड्यांचा आणि अमेरिकेत ४९९.९९ डॉलरचा होता, म्हणजे तुकड्यामागे साधारण ८ सेंट. बराद-दूर ५,४७१ तुकडे, ४५९.९९ डॉलर; पुन्हा तेवढंच. हे दोन पाहून लोकांनी ‘या मालिकेचा भाव ८ सेंट’ असं ठरवून टाकलं. आणि २०२५ मध्ये द शायर आला: २,०१७ तुकडे, २६९.९९ डॉलर, तुकड्यामागे १३ सेंटच्या वर. तेव्हा भागाकार विचित्र आला म्हणून अफवा खोटी ठरवू नका. भागाकाराचा उपयोग टोकाच्या चुका पकडण्यापुरता आहे: ३ सेंट किंवा ३० सेंट आले, तर कुणीतरी शून्य चुकवलंय किंवा दोन सेटची माहिती मिसळली आहे.

तपासा: दोन ठिकाणी दोन वेगळ्या तारखा दिसल्या, तर लगेच एक खोटी ठरवू नका. मोठे सेट लेगो इनसायडर्स या कंपनीच्या योजनेतल्या सभासदांना काही दिवस आधी मिळतात. बराद-दूर त्यांना १ जूनला आणि बाकीच्यांना ४ जूनला मिळाला. द शायरचं तसंच, २ आणि ५ एप्रिल. तीन दिवसांचा फरक दिसला तर दोन्ही तारखा बरोबर असू शकतात.

टप्पा ५: फोटो हातात आला तर

फोटो दिसला की माणूस तपासणं थांबवतो, म्हणून इथे सर्वाधिक फसवणूक होते. फोटो पाच प्रकारचा असू शकतो आणि पहिलं काम तो कोणता आहे हे ओळखणं.

*चाहत्याने स्वतः रचलेलं बांधकाम.* याला मॉक म्हणतात. अशी अनेक बांधकामं आराखड्यासह रिब्रिकेबल या संकेतस्थळावर असतात आणि तिथला त्यांचा क्रमांक ‘एमओसी’ या अक्षरांनी सुरू होतो. फोटोवरूनच इंटरनेटवर शोध घ्या आणि तो आधी कुठे आला ते पाहा. मूळ पान सापडलं की विषय संपला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या मिनास तिरिथ आणि हेल्म्स डीपची चाहत्यांनी रचलेली बांधकामं इतकी देखणी आहेत, की ती अधिकृत सेट म्हणून दर काही महिन्यांनी फिरतात. त्या कलाकारांवर हा अन्यायच आहे, कारण त्यांचं नाव कापून फोटो पुढे जातो.

*लेगो आयडियाजवरचा प्रस्ताव.* कंपनीच्या या संकेतस्थळावर कोणीही नव्या सेटची कल्पना मांडू शकतो. १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की ती कंपनीच्या छाननीसाठी जाते. ‘दहा हजार झाले, आता सेट येणार’ हे साफ चुकीचं आहे. दहा हजारांचा अर्थ एवढाच की कंपनी ती कल्पना बघेल. छाननीत गेलेल्या बहुतेक कल्पना नाकारल्या जातात, आणि मंजूर झालेल्या कल्पनेचा अंतिम सेटही प्रस्तावापेक्षा बराच वेगळा दिसतो.

*संगणकावर केलेलं चित्र.* सॉफ्टवेअरमध्ये रचलेलं हे बांधकाम नेमकं असतं, फक्त अधिकृत नसतं. खोक्याचा फोटो असेल तर नंबर, वयोगट आणि चित्रपट कंपनीची खूण शोधा, आणि तोच नंबर इतर कुठल्या खऱ्या सेटचा नाही ना ते पाहा. बनावट खोक्यावर जुनाच नंबर असणं ही नेहमीची चूक.

*एआयने बनवलेलं चित्र.* विटांवरच्या गोल उंचवट्यांवर लक्ष द्या. खऱ्या लेगोत ते सगळे एका मापाचे आणि सरळ रांगेत असतात. एआयच्या चित्रात ते मधेच लहान-मोठे होतात, भिंतीच्या कोपऱ्यात विरघळतात. मिनिफिगरचा हात पाहा: इंग्रजी ‘सी’च्या आकाराची पकड असायला हवी, बोटं दिसली की चित्र खोटं. चित्र मोठं करून एक रांग मोजा. दोन मिनिटं पुरतात.

*खरा फोटो.* एखाद्या दुकानाने चुकून आधीच मांडलेल्या खोक्याचा किंवा वेळेआधी चढलेल्या दुकानाच्या पानाचा. असं घडतं. तो वेगवेगळ्या कोनांतून, वेगळ्या माणसांकडून आलेला असेल, तर ‘ब’ द्या.

सावधान: जाहीर होण्याआधीच ‘संपूर्ण रिव्ह्यू’ म्हणणारा व्हिडिओ दिसला तर तो उघडण्याआधी त्यात सेट दिसतो की फक्त बोलणं, हे लघुचित्रावरून पाहा. ज्यांना कंपनी आधी सेट देते, ते ठरलेल्या वेळेपर्यंत गप्प राहतात.

टप्पा ६: रुपयांचा हिशोब

आता बजेटचं पान उघडा. डॉलरला विनिमय दराने गुणून येणारा आकडा भारतातली किंमत समजू नका. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. म्हणून इथली छापील किंमत नुसत्या गुणाकारापेक्षा जास्त निघते. अंदाज बांधायचा तर तेवढ्याच डॉलरच्या, इथे आधीच विकल्या जाणाऱ्या एखाद्या सेटची छापील किंमत पाहा. तेच प्रमाण नव्याला लावा.

युरोतल्या किमतीत कर धरलेला असतो, अमेरिकेतल्या डॉलरच्या किमतीत विक्रीकर नसतो. न्यू जर्सीतल्या मावशीला ‘२७० डॉलरचा आहे’ म्हणून सांगाल, तर तिला दुकानात त्याहून जास्त द्यावे लागतील. हे तिला आधी सांगा. ती येताना आणणार असेल, तर प्रवाशाला सामानावर मिळणाऱ्या करसवलतीची त्या वेळची मर्यादा सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहा आणि पावती सोबत ठेवायला सांगा. मोठ्या सेटचं खोकं निम्मी बॅग खातं. अनेकजण खोकं तिथेच सोडून क्रमांकित पिशव्या, पुस्तिका आणि स्टिकरचा कागद तेवढा आणतात. पुढेमागे विकायचा विचार असेल तर मात्र खोक्याशिवाय किंमत बरीच पडते, तेव्हा हे आधीच ठरवा.

जुना सेट विकावा का, हा प्रश्नही इथेच सोडवायचा. ब्रिकलिंक या लेगो खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्येक सेटचे गेल्या सहा महिन्यांतले प्रत्यक्ष व्यवहार दिसतात. मागितलेली किंमत आणि झालेला व्यवहार यांत फरक असतो, तुम्ही व्यवहार बघा. २०१२ चा हेल्म्स डीप (९४७४) किंवा २०१३ चा ऑर्थँक मनोरा (१०२३७) तुमच्याकडे असेल, तर कुठलाही एक रकाना ‘ड’ असलेल्या अफवेवर तो विकायला काढू नका.

सावधान: अधिकृतरीत्या जाहीर न झालेल्या सेटची आगाऊ नोंदणी असूच शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी ‘निम्मे पैसे यूपीआयने पाठवा, पहिल्या खेपेत तुमचा’ म्हणत असेल, तर तो ओळखीचा असला तरी पाठवू नका. आणि जाहीर व्हायच्या आधीच एखाद्या ऑनलाइन बाजारात ‘तोच’ सेट तीन-चार हजारांत दिसला, तर बहुधा कुणा चाहत्याचं मॉक चोरून बनवलेली नक्कल तुमच्यासमोर आहे.

टप्पा ७: थांबायचं की घ्यायचं, आणि जाहीर झाल्यावर

तीनच पर्याय ठेवा.

दुकानात असलेला सेट तुम्हाला त्याच्यासाठीच आवडत असेल, तर घ्या. अफवेचा इथे संबंध नाही. तो बंद होण्याच्या बेतात असेल, तर थांबून उलट नुकसान होईल. मात्र बंद होण्याच्या तारखांच्या याद्यासुद्धा अफवाच असतात आणि त्या पुढे-मागे होतात, तेव्हा त्यांनाही श्रेणी द्या.

दोन्ही घेता येत नसतील आणि अफवेतले विषय, माप व किंमत हे तिन्ही दावे ‘ब’ असतील, तर थांबा. फार थांबावं लागत नाही. मोठे सेट बहुतेक वेळा विक्रीच्या काही आठवडे आधी जाहीर होतात. रिव्हेंडेल फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला आणि मार्चमध्ये मिळू लागला.

बाकी सगळ्या वेळी काहीच करू नका.

जाहीर झाल्या दिवशी कंपनीच्या पानावरून नंबर, तुकडे, मापं आणि तारीख वहीत उतरवा आणि टेपने मोजलेल्या जागेशी ताडून पाहा. परदेशात कुणाकडून घेणार असाल, तर सुरुवातीच्या दिवसांतली भेट हवी की नको हे त्यांना आदल्या दिवशी कळवा. ती ठरावीक दिवसांपुरती आणि साठा असेपर्यंतच असते. भेट नको असेल तर पहिल्या आठवड्यात धावायची गरज नाही. भारतात यायला वेळ लागू शकतो, म्हणून वाढदिवसाची भेट एखाद्या नव्या सेटवर अडकवू नका. मुलांना तर जाहीर होण्याआधी काही सांगूच नका.

अफवेत सांगितलेली तारीख उलटून गेली आणि काहीच आलं नाही, तर त्या ओळीवर काट मारा, स्रोताची श्रेणी एक पायरी खाली आणा, आणि त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे मोकळे करा. ‘पुढे ढकललंय’ असं तोच स्रोत म्हणाला, तरी ती नवी अफवा धरून पुन्हा टप्पा २ पासून सुरुवात करा.